थुंकी की बेडका? टीबीच्या ट्रेनिंगची वीस वर्षं

जुना_सुपरवायझर (धागाकर्ता)

मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय इथे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी २००३ पासून टीबीच्या सरकारी कार्यक्रमात आहे. आधी एसटीएस, म्हणजे उपचार पर्यवेक्षक, मोटरसायकलवरून भोर-वेल्ह्याकडची गावं पालथी घालणारा, आणि आता बरीच वर्षं पुण्यात ट्रेनिंगच्या कामात. मागच्या आठवड्यात नवीन सीएचओंची बॅच होती, उपकेंद्रावर बसणारी बीएएमएस नाहीतर नर्सिंग झालेली पोरंपोरी. दुसऱ्या दिवशी एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, सर, पेशंटला थुंकी म्हणायचं की बेडका? अख्खा हॉल हसला. मीही हसलो, पण मला आतून चांगलंच टोचलं, कारण याच शब्दावरून मी २००३ ला सपशेल तोंडघशी पडलो होतो.

आमचं ट्रेनिंग कसं होतं सांगतो. इंग्रजी मॉड्यूलचा गठ्ठा हातात, गोल करून बसायचं, एकाने एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, मग शेजारच्याने पुढचा, शाळेत धडा वाचायचो तसं. मध्ये मध्ये एक्झरसाइज, रिकाम्या जागा भरा. गोळ्यांचा लाल खोका म्हणजे कॅटेगरी १ चा पेशंट, निळा म्हणजे २, हिरवा म्हणजे ३. गोळ्या सोम-बुध-शुक्र, आपल्या डोळ्यांसमोर गिळायला लावायच्या. खोकला तीन आठवड्यांपेक्षा जास्त तर तीन नमुने. हे सगळं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचो, पोस्ट टेस्टला पैकीच्या पैकी. पण पेशंटशी बोलायचं कसं हे त्या सगळ्या दिवसांत एकदाही कुणी काढलं नाही, आणि आम्हालाही विचारावंसं वाटलं नाही, कारण बोलायला काय शिकायचंय, बोलता तर येतंच की.

ड्युटीवर पहिल्याच आठवड्यात एक बाई, चाळिशीची, महिनाभर खोकला, अंगावरचं लुगडं सैल झालेलं. मी डबी दिली आणि म्हणालो, मावशी उद्या सकाळची थुंकी आणा. आणली की तिने. स्वच्छ, पांढरी, वर बुडबुडे. तिन्ही नमुने तसेच आणि तिन्ही निगेटिव्ह. मी वहीत टिक केली आणि पुढच्या गावाला गेलो. दोन महिन्यांनी तिला मुलगा उचलून घेऊन आला. तेव्हा आमचे लॅब सुपरवायझर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, बाई, तोंडातलं नको, छातीतलं पाहिजे, पोटातून खोका, बेडका पाडा. रिपोर्ट थ्री प्लस, म्हणजे जंतूच जंतू. त्या दोन महिन्यांत ती, तिची सून आणि सुनेचं तान्हं पोर एकाच खोलीत झोपत होते. थुंकी आणा म्हटलं तर बाई थुंकली, तिचं काय चुकलं सांगा.

आता मी ट्रेनिंगमध्ये पहिल्या तासालाच सगळ्यांच्या हातात डबी देतो आणि अंगणात पाठवतो, जा, नमुना घेऊन या. डॉक्टर असो की सिस्टर असो. लाजतात, हसतात, एकमेकांकडे बघतात, आणि निम्मेअर्धे जण थुंकीच घेऊन येतात! मग ती डबी उजेडात धरून बोलायला सुरुवात करतो. पूर्वी दोन तासांच्या स्लाइड दाखवून जे व्हायचं नाही ते या एका डबीत होतं असा माझा अनुभव.

दुसरी गोष्ट विसरायला लावायची. नवीन शिकवणं सोपं, जुनं पुसणं महाकठीण. २०१७ ला रोजच्या डोसवर आलो, वजनाप्रमाणे एकत्रित गोळ्या, आणि ज्यांनी दहा-पंधरा वर्षं सोम-बुध-शुक्र घोकलं होतं त्यांच्या तोंडातून ते जाता जाईना. एका आरोग्य केंद्रात तर मी स्वतः पाहिलंय, रोजच्या गोळ्यांची पाकिटं आहेत आणि वरच्या कार्डावर जुन्या सवयीने एक दिवसाआड खुणा. पेशंट शहाणा, तो रोज खात होता म्हणून निभावलं.

तर विचारायचं हे की तुम्ही डॉक्टर असाल, नर्स असाल, मेडिकलवाले, पेशंट, पेशंटचे घरचे, कुणीही, तुमच्या अनुभवात हे ट्रेनिंग कुठे पोचतं आणि कुठे अडतं? भलंबुरं दोन्ही लिहा.

---

चहा_बिस्किट

छान धागा काका. आमच्या सौ पालिकेच्या दवाखान्यात आहेत. त्यांच्या मते सगळी ट्रेनिंगं एकाच मापाची, प्री टेस्ट, स्लाइड, जेवण, स्लाइड, पोस्ट टेस्ट, ग्रुप फोटो. जेवणानंतरचा तास ज्याच्या वाट्याला येतो त्या वक्त्याची दया येते म्हणे. डबीचा प्रयोग मात्र जेवणानंतर ठेवू नका एवढीच विनंती :)

---

लॅबवाली

सुपरवायझर काका, टाळ्या. मी मायक्रोस्कोपीवर १४ वर्षं काढली आहेत, आता मशीनवर असते. तुमच्या त्या मावशींसारखे नमुने रोज येतात, आजही.

आमचं जुनं ट्रेनिंग मात्र मी वाईट म्हणणार नाही हं. स्लाइड करायला हाताला वळण लागेपर्यंत करायला लावायचे. कार्बोल फुक्सिन, खालून वाफ येईपर्यंत गरम, उकळी नाही येऊ द्यायची, मग २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड, मग मेथिलीन ब्लू, आणि मग १०० फील्ड बघायची, निळ्यात लाल काड्या शोधत. शंभर म्हणजे शंभर. आमच्या मॅडम शेजारी उभ्या राहून मोजायच्या, साठाला उठलीस तर परत पहिल्यापासून. नंतर एलईडी मायक्रोस्कोप आले. आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही मशीनं, सीबीनॅटला नमुन्यात दुप्पट रिएजंट घालायचं, हलवायचं, सगळं मिळून पंधरा मिनिटं ठेवायचं, कार्ट्रिजमध्ये सोडायचं आणि दोनेक तासांत मशीन सांगतं जंतू आहे की नाही आणि रिफाम्पिसिनला, म्हणजे टीबीच्या मुख्य औषधाला, दाद देतो की नाही. हे शिकवायला अर्धा दिवस पुरतो, आणि गंमत अशी की त्या अर्ध्या दिवसात मशीनबद्दल सगळं सांगतात, नमुन्याबद्दल काहीच नाही. मशीन भारी आहे म्हणून थुंकीतून बेडका थोडाच बनवणार आहे!

मी एक करते, कुणाला विचारून नाही केलं, आपलं आपणच. खराब नमुना आला की नुसता रिजेक्ट लिहून परत नाही पाठवत. ज्या केंद्रातून आला तिथल्या सिस्टरना फोन करते, ताई कालच्या डबीत लाळ होती, पेशंटला आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायला लावा, दोन-तीन खोल श्वास, मग खोकायला सांगा, आणि बाहेर उघड्यावर, खोलीत नाही. दोन मिनिटांचा फोन. ज्यांना दोन-तीनदा फोन केला त्यांच्याकडून आता घट्ट पिवळट नमुने येतात, आणि मला इतका आनंद होतो की घरी सांगायची सोय नाही.

---

पर्वती_पायथा

बेडका हा शब्द शहरातल्या नव्या पिढीला कळेल का शंका आहे. माझ्या पुतण्याला विचारलं तर म्हणाला बेडूक का? कफ म्हणा की सरळ. आमच्या आजोळी खाकरा म्हणायचे पण आता खाकरा म्हटलं तर लोक चहाबरोबर मागतील.

---

जुना_सुपरवायझर

@पर्वती_पायथा, हाहा. बरोबर आहे, म्हणूनच त्या मुलीला मी एक शब्द दिला नाही. म्हटलं समोरच्याला जो कळेल तो, आणि शब्दाबरोबर हात छातीवर ठेवून एकदा स्वतः खोकून दाखव. खोकण्याला भाषांतर लागत नाही.

@लॅबवाली ताई, तुमचा दोन मिनिटांचा फोन हेच खरं ट्रेनिंग आहे आणि त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही हे दुर्दैव.

---

धनकवडी_क्लिनिक

मी बीएएमएस, २२ वर्षं जनरल प्रॅक्टिस. सरकारी लोकांनी आम्हाला शिकवायचं म्हणजे काय होतं ते माझ्या बाजूनेही ऐका.

२०१२ ला टीबी नोटिफायेबल झाला, म्हणजे प्रत्येक पेशंट सरकारला कळवायचा. कुणी समजावलं? एक पत्र आलं. २०१८ ला गॅझेट आलं, कळवलं नाही तर फौजदारी कलम. तेही पत्रच. त्याच सुमाराला एकदा एका हॉटेलात सीएमई, म्हणजे डॉक्टरांचा अभ्यासवर्ग, झाली, मोठे छातीरोगतज्ज्ञ आले होते, पडद्यावर सीटी स्कॅन, त्यात झाडाच्या फांदीवर कळ्या दिसतात तशा छटा, सुंदर होतं. पण माझ्या क्लिनिकमध्ये सीटी स्कॅन कुठाय हो? माझ्याकडे रात्री साडेआठला रिक्षावाला येतो, आठ दिवस खोकतोय, उद्या धंद्यावर जायचंय, काहीतरी स्ट्राँग द्या म्हणतो. मी अँटिबायोटिक दिलं नाही तर तो समोरच्या गल्लीत जातो. त्या क्षणाला काय बोलायचं हे कुठल्या सीएमईत शिकवतात?

आणि कबुली देतो. मी कित्येक वर्षं अशा खोकल्याला लिव्होफ्लोक्सासिन लिहायचो. चांगलं काम करायचं, ताप उतरायचा, पेशंट खूश. ते टीबीच्या जंतूवरही थोडं चालतं, त्यामुळे पेशंटला तात्पुरतं बरं वाटतं आणि निदान लांबतं, वर जंतू त्या औषधाला निबर होण्याची भीती, हे मला कुणी सांगितलं असेल माहीत आहे? कॉलेजने नाही, सीएमईने नाही. पालिकेच्या एका टीबीएचव्ही, म्हणजे टीबीचं काम बघणाऱ्या आरोग्यसेवक, मुलाने. तो एका दुपारी, पेशंट नसताना, बाकड्यावर बसला, माझं लेटरहेड मागून त्यावर त्या औषधाचं नाव लिहून पेनने एक फुली मारली आणि म्हणाला, डॉक्टर दोन आठवड्यांच्या पुढचा खोकला दिसला की एवढं एकच औषध टाळा आणि पेशंटला डबी घेऊन माझ्याकडे पाठवा, रिपोर्ट मी तुम्हाला व्हॉट्सॲपवर देतो, पेशंट तुमचाच राहील. शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे. पेशंट तुमचाच राहील. ती भीती कुणी आधी ओळखलीच नव्हती. पंधरा मिनिटं, चहा माझाच.

तेव्हापासून पाठवतो. नोंदणीचे ५०० आणि उपचार पूर्ण झाल्यावर ५०० मिळतात ते ठीक, पण मी त्यासाठी करत नाही, रिपोर्ट परत येतो म्हणून करतो.

---

गणिती

डॉक्टरसाहेब प्रांजळ लिहिलंत. पण सरसकट "शिकवलं नाही" यावर माझा विश्वास नाही. कळतं पण वळत नाही असा प्रकार आहे हा, आणि त्याचा अभ्यासही झालाय. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला दिल्लीचा अभ्यास बघा. पेशंटचं सोंग घेतलेली प्रशिक्षित माणसं डॉक्टरांकडे पाठवली, ठरलेली लक्षणं सांगायची, डॉक्टर काय करतो ते टिपायचं. २५० भेटींपैकी ५२ ठिकाणी बरोबर पाऊल उचललं गेलं, म्हणजे साधारण २१ टक्के. आणि त्यातल्याच काही डॉक्टरांना कागदावर तीच केस देऊन काय कराल विचारलं तर उत्तरं कितीतरी चांगली. म्हणजे माहिती डोक्यात होती, हातात उतरली नाही.

त्याआधीचं तर विचारू नका. धारावीतल्या डॉक्टरांकडून टीबीचं प्रिस्क्रिप्शन लिहून घेतलं होतं १९९१ च्या सुमाराला, डॉ. मुकुंद उपळेकरांचा अभ्यास, शंभर डॉक्टरांनी ८० प्रकारे औषधं लिहिली. जवळपास वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडियांनी तिथेच परत बघितलं, १०६ डॉक्टर आणि ६३ प्रकार. वीस वर्षांचं प्रबोधन, परिषदा, पत्रकं, आणि प्रगती ८० वरून ६३!

माझा मुद्दा एवढाच की ट्रेनिंगचा विषय "माहिती देणे" असेल तर ते पाण्यात गेलं.

---

धनकवडी_क्लिनिक

@गणिती, आकडे मान्य. पण वळत का नाही हेही विचारा ना. माझ्या क्लिनिकमध्ये एका पेशंटला सरासरी चार मिनिटं मिळतात. सोंग घेतलेला पेशंट आला तर मीही त्याला सिरपच देऊन पाठवला असता २०१५ ला. मला टीबी माहीत नव्हता म्हणून नव्हे, तर आठ दिवस आणि दोन आठवडे यातला फरक विचारायची सवयच नव्हती म्हणून. आता टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी आहे, "किती दिवस?" एवढीच. हसू नका, चालते.

---

जुना_सुपरवायझर

काचेखालची चिठ्ठी मी चोरणार आहे हं डॉक्टर.

@गणिती, त्या दिल्लीच्या अभ्यासातली आणखी एक बाजू सांगतो. ज्या सोंगाड्यांच्या हातात आधीच थुंकीचा रिपोर्ट होता त्यांना बऱ्यापैकी नीट वागवलं गेलं. म्हणजे नाव कळलं की माणसं बरोबर वागतात, नाव शोधायच्या टप्प्यावर घसरतात. म्हणून आमच्या ट्रेनिंगचा भर आता गोळ्यांवरून शंका घेण्यावर आणि टेस्टला पाठवण्यावर सरकवलाय. गोळ्या तशाही वजनाच्या तक्त्यावर आहेत, ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार, तक्ता भिंतीवर असतो, पाठ करायची गरज नाही. पाठ करायला लावायचो आम्ही याचीच आता लाज वाटते.

---

आशा_सेविका_हडपसर

नमस्कार मी आशा आहे मराठी टायपिंग हळू आहे समजून घ्या

आम्हाला ट्रेनिंग मोबाईलवर येतं व्हिडिओ बघा प्रश्न सोडवा सर्टिफिकेट डाउनलोड करा. माझा फोन जुना, व्हिडिओ फिरत राहतो. मग कोणीतरी ग्रुपवर उत्तरं टाकतं १ ब २ अ ३ ड आणि सगळ्या पास. खोटं कशाला बोलू

पण एक शिकले ते सांगते. पहिल्यांदा टीबीच्या पेशंटच्या घरी गेले तेव्हा पिशवी साडी सगळं घालून गेले, दारातच मोठ्याने विचारलं गोळ्या घेतल्या का. चाळ आहे ती, एकाचं दार उघडलं की चार दारं उघडतात. दुसऱ्या दिवशी त्या पोरीला नळावर पाणी भरू दिलं नाही. लग्न ठरत होतं तिचं. ती माझ्याशी बोलायची बंद झाली गोळ्यापण बंद झाल्या. मोठ्या ताईंनी (आमच्या गटप्रवर्तक) मला बसवून समजावलं. आता मी त्या चाळीत गेले की आधी तीन घरात बीपी साखर विचारते मग तिच्या घरी. बीपी बघायला आले असं सांगते. आत गेल्यावर हळू आवाजात. ती पोरगी परत गोळ्यांवर आली सहा महिने पूर्ण केले

हे कुठल्या व्हिडिओत नव्हतं

---

लॅबवाली

ताई _/\_

---

निवांत_कोपरा

माझ्या बहिणीला २०१३ ला एमडीआर, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी, झाला होता. दोन वर्षं औषधं, पहिले सहा महिने रोज कॅनामायसिनचं इंजेक्शन. बसता येत नव्हतं तिला इतके दुखायचे ते जागी जागी. आणि कान. पाचव्या महिन्यात आई स्वयंपाकघरातून हाक मारतेय आणि ही ओ देत नाही, आम्हाला वाटलं चिडली आहे. चिडली नव्हती. तेव्हाच्या डॉक्टरांनी कानाची तपासणी करायला हवी असं कधी सुचवलं नाही, सिस्टरांनी नाही, आम्ही विचारलं तर म्हणाले औषधाने थोडं होतंच. कोण कुठले ते लिहीत नाही, आता काय उपयोग. बहीण बरी झाली, टीबीतून. उजव्या कानाने ऐकू येत नाही.

तिला तीन वर्षांपूर्वी एका ट्रेनिंगला बोलावलं, टीबी चॅम्पियन म्हणून. आधी नाही म्हणाली, मग गेली. पन्नासेक सिस्टर आणि डॉक्टर बसले होते. ती फक्त वीस मिनिटं बोलली. आल्यावर मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, एका डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं. काय लिहून घेतलं? तर, "पेशंटला हाक मारून बघणे." मला रडूच आलं.

आता इंजेक्शनं गेली म्हणे, फक्त तोंडाने घ्यायच्या गोळ्या आणि काही जणांना सहा महिन्यांतच होतं. चांगलंच आहे. पण शिकवताना जुनी गोष्टही सांगत जा, नाहीतर नव्या गोळ्यांचं काय काय बघायचं असतं ते पण "थोडं होतंच" मध्ये जाईल.

---

जुना_सुपरवायझर

ताई, वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

तुमचं शेवटचं वाक्य अगदी खरं आहे. नवीन सहा महिन्यांच्या उपचाराला आपल्याकडे २०२४ ला मंजुरी मिळाली, बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लोक्सासिन. पण बेडाक्विलिनवर असताना ईसीजी बघावा लागतो, लिनेझोलिडने रक्त कमी होतं, हातापायाला मुंग्या येतात, डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो. आम्ही आता सिस्टरना पाच प्रश्न शिकवतो, मुंग्या येतात का, चप्पल पायातून नकळत निसटते का, पेपर नीट वाचता येतो का, वगैरे. चप्पलचा प्रश्न एका पेशंटनेच सुचवला होता.

आमची भाषापण शिकवावी लागतेय नव्याने. पूर्वी रजिस्टरमध्ये "डिफॉल्टर" लिहायचो, म्हणजे जणू बँकेचं कर्ज बुडवलं. "टीबी सस्पेक्ट" लिहायचो, चोर असल्यासारखं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ ला हे शब्द बदलले. आमच्या तोंडातून जायला किती वर्षं लागली विचारू नका, परवा माझ्याच तोंडून गेला डिफॉल्टर आणि एका सीएचओने मला टोकलं.

---

औषधवाला

मेडिकल स्टोअरवाल्यांना कोण विचारतंय इथे :( लोक डॉक्टरच्या आधी आमच्याकडे येतात. टीबीची औषधं २०१४ पासून एच-वन या कडक नियमांच्या यादीत आहेत, वेगळं रजिस्टर, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, सगळं ठेवायचं. इन्स्पेक्टर आला की रजिस्टर बघतो. पण "सहावी खोकल्याची बाटली न्यायला आलाय, याला टेस्टला पाठव" असं सांगणारं ट्रेनिंग मला तरी आजवर मिळालेलं नाही. माझा काउंटरवरचा पोरगा बारावी आहे, त्यालाच द्या ट्रेनिंग, खरं गिऱ्हाईक तोच बघतो.

---

इंटर्न_चालू_आहे

थोडं आमच्या बाजूचं. कॉलेजला टीबी म्हणजे फार्मॅकचे साईड इफेक्ट (रिफाम्पिसिन लघवी नारिंगी, इथॅम्ब्युटॉल डोळे, पायराझिनामाइड युरिक ॲसिड), पॅथॉलॉजीचा ग्रॅन्युलोमा, पीएसएमचे (सार्वजनिक आरोग्याचा विषय) कार्यक्रमाचे आकडे. चार विभागांत चार तुकडे, जोडून कुणी दाखवत नाही. २०१९ पासून नवा अभ्यासक्रम आहे, संवादकौशल्याचे वेगळे तास आहेत, चांगले आहेत, पण पीजीच्या एंट्रन्सला एमसीक्यूच येणार मग पोरं काय करणार.

आणि एक गोष्ट बोललीच पाहिजे. छातीच्या वॉर्डला पोस्टिंग लागली तेव्हा पहिल्या दिवशी साधा सर्जिकल मास्क घालून गेलो होतो. कोविडनंतरची गोष्ट आहे ही, आधीची नाही! एन९५ कसा बसवायचा, नाकापाशी फट राहिली की काही उपयोग नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्या, खोकणाऱ्याला मास्क आणि आपल्याला एन९५, हे मला वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं. आमच्या सीनियर बॅचमधल्या एकीला टीबी झाला, तिने तीन महिने थकवा म्हणून अंगावर काढला, कारण डॉक्टरला टीबी कसा होईल. आम्हाला पेशंटचा टीबी शिकवतात, स्वतःचा नाही.

---

चहा_बिस्किट

हे फार महत्त्वाचं लिहिलंस रे. सौ वाचतायत शेजारी बसून, म्हणतायत त्यांच्या दवाखान्यात पंखा पेशंटच्या मागून डॉक्टरच्या तोंडावर येतो, उद्याच फिरवून घेणार.

---

जुना_सुपरवायझर

वहिनींना सांगा, वारा आपल्या पाठीमागून पेशंटकडे आणि तिथून खिडकीबाहेर. खुर्ची फिरवली तरी चालतं, पैसे लागत नाहीत.

@औषधवाला, तुमचं शंभर टक्के मान्य. मुंबई, दिल्ली, पाटण्याच्या मेडिकल दुकानांतही तसाच सोंगाड्यांचा अभ्यास झालाय, तिथे टीबीची मुख्य औषधं कुणीच परस्पर दिली नाहीत, म्हणजे तुमच्या धंद्यातले लोक जबाबदार आहेत. अडतं ते टेस्टला पाठवण्यापाशी. तुमचा भाग कळवा, तुमच्या काउंटरवरच्या पोराला भेटायला मी स्वतः येतो, दुपारच्या वेळी, अर्धा तास.

@आशाताई, फोनवरच्या ट्रेनिंगबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते आम्हाला माहीत नाही असं नाही. "१ ब २ अ" चा मेसेज मलापण आलाय. ऑनलाइनचा फायदा आहे, नियम बदलला की त्याच आठवड्यात सगळ्यांपर्यंत जातो, पूर्वी पत्र पोचेपर्यंत नियम परत बदललेला असायचा. पण चाळीत हळू आवाजात बोलायचं कसं ते व्हिडिओने येत नाही. पुढच्या बॅचला तुम्ही या आणि हेच सांगा. मानधनाचं पत्र मी काढायला लावतो, बोलावणं चहावर नको.

---

गणिती

हा मुद्दा मला पटला. म्हणजे तुमच्या धाग्यात आतापर्यंत जी जी गोष्ट चालली आहे (फोन, बाकडं, चिठ्ठी, पंखा) त्यातली एकही हॉलमध्ये घडलेली नाही. मग हॉलवरचा खर्च कशाला?

---

जुना_सुपरवायझर

हॉलही लागतो हो. दोन दिवस घरापासून, ओपीडीपासून लांब बसल्याशिवाय लोक एकमेकांना कबुल्या देत नाहीत. परवाच्या बॅचला दुसऱ्या दिवशीच त्या मुलीचा प्रश्न आला, पहिल्या दिवशी नाही. पण हॉलनंतर महिन्याभरात कुणीतरी तिच्या उपकेंद्रावर जाऊन शेजारी बसलं पाहिजे, त्याला गाडी आणि वेळ लागतो, आणि ती ओळ बजेटमध्ये सगळ्यात आधी कापली जाते. यावर मी जास्त लिहिलं तर रिटायर व्हायच्या आधीच रिटायर करतील.

---

कोथरूड_मावशी

विषयांतर होतंय पण विचारते. सासरे ७४, तीन आठवडे खोकला, संध्याकाळी अंग कोमट लागतं, जेवण कमी झालंय. फॅमिली डॉक्टर म्हणाले हवा बदलली आहे, सिरप दिलंय. तुमचा धागा वाचून जीव घाबरला. शुगर पण आहे त्यांना.

---

जुना_सुपरवायझर

मावशी घाबरू नका, पण थांबूही नका. तीन आठवडे, ताप, भूक कमी आणि त्यात शुगर, एवढं पुरे आहे तपासायला. जवळच्या पालिकेच्या दवाखान्यात जा, बेडक्याची तपासणी फुकट आहे, छातीचा एक्सरेही काढून घ्या. डबी आज आणा, नमुना सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, गच्चीत नाहीतर गॅलरीत, घरातल्यांनी लांब राहायचं. तोवर रात्री त्यांच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा. डॉक्टरांनाही सांगा, त्यांना वाईट वाटणार नाही असं सांगा.

---

धनकवडी_क्लिनिक

त्यांना विचारा "किती दिवस?" असं काचेखाली लिहून ठेवता का म्हणून :)

---

कोथरूड_मावशी

डबी आणली. सकाळी बाबा गॅलरीत गेले, दोन मिनिटांत आले, म्हणाले झालं. बघते तर नुसती लाळ. मग त्यांना धागा वाचून दाखवला पहिल्यापासून, वेल्ह्याच्या बाईपर्यंत. काही न बोलता परत गॅलरीत गेले, छातीवर हात ठेवून. या खेपेला बराच वेळ लागला. नमुना आत्ताच देऊन आले, रिपोर्ट उद्या दुपारी म्हणालेत.

---

लॅबवाली

रंग कसा होता मावशी?

---

कोथरूड_मावशी

पिवळट. घट्ट.

---

लॅबवाली

नमुना चांगला आहे. रिपोर्ट काहीही येवो, आला की इथे कळवा, पुढचं आम्ही सगळे आहोत सांगायला.